तुझी खरी पट्टी कुठली होती, नंदू?

नंदू,

तुझ्या तेराव्याला वहिनींनी तुझ्याच वाडीतल्या अळूचं फदफदं केलं होतं. ते नेहमीसारखंच झालं होतं, आणि त्याचाच मला राग आला. निदान त्या दिवशी तरी घशाला खाज सुटायला हवी होती. पानावरून उठलो, हात धुतले आणि कुणाशी न बोलता सटकावं म्हणून चपला शोधत होतो, तेवढ्यात तुझी सई लॅपटॉप घेऊन आली. "काका, दोन मिनिटं बसा ना. एक गोष्ट ऐकवायचीय."

आम्ही मागच्या पडवीत बसलो. तिने बटण दाबलं आणि कुणीतरी गायला लागलं. जाड, जड आवाज, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. मागे ड्रम असे, की वाजवणारा जेवून आडवा व्हायच्या तयारीत असावा. गाणं मात्र आपलं होतं. माझा बेस त्यात होता, माझी ती एक हमखास चुकणारी जागासुद्धा होती.

"हे बाबा आहेत?" सईने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे तोच आहे, पण असा नाही."

"मग कसे होते? ॲपमध्ये स्पीड वाढवता येतो, काका. वाढवला की आवाज पण वर जातो. मी ट्राय केलं. पण किती वाढवायचा तेच कळत नाहीये. आईला विचारलं तर ती म्हणते सगळेच बाबांसारखे वाटतात. तुम्ही सांगा ना, नक्की कुठे थांबू?"

मी तिच्याकडे थोडे दिवस मागून घेतले. ते काल संपले. काय झालं ते तुला सांगायला बसलोय. तुला सांगायचं म्हणजे खरं तर स्वतःशीच बडबडायचं, हे मला कळतं. पण तू गेल्यापासून मला दुसरं काही नीट जमतच नाहीये.

सईचं म्हणणं समजून घे. ती शाळेत जायला लागली तोवर तुझं गाणं बंद पडलं होतं. तिने ऐकला तो घोगरा बाप, भाजीच्या टेम्पोवाल्याशी भांडणारा. मग तेही गेलं. घशाच्या ऑपरेशननंतरचे तुझे शेवटचे महिने तर नुसते हातवाऱ्यांचे. तिला तिच्या आधीचा बाप हवाय, मांडवात उभा राहून गाणारा. आणि तो उरलाय फक्त एका कॅसेटवर, तोही चुकीच्या वेगात.

लग्नांच्या व्हिडिओंमध्ये बघ म्हणून मी तिला सुचवलं. तिने आधीच शोधले होते. एका लग्नाचा मिळालाही. तू, मी आणि ड्रमवर पीटर, आपण तिघे दिसतो, तू माइक गिळायला निघाल्यासारखा तोंड वासून उभा आहेस, आणि ऐकू येतं हिंदी सिनेमातलं कुठलंतरी लाडिक गाणं. त्या काळी व्हिडिओवाले मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचे, विसरलास? आपण खूप हसायचो त्याला. सई हसली नाही.

सगळं त्या तुझ्या कॅसेट डेकमुळे. तुमच्या शेजारचा कुणीतरी आखातातून आला, त्याने तो डेक आणला आणि बरोबर 'त्या चौघां'ची एक कॅसेट. त्या इंग्लिश बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्याबद्दल तुझं मत कधीच चांगलं नव्हतं. होळी गावातल्या तुमच्या केळीच्या वाडीत, पाण्याचा पंप धडधडत असताना, तुझ्या घराच्या ओट्यावर आपण ती कॅसेट ऐकली. मी माणिकपूरच्या चाळवजा इमारतीतला, बाप सरकारी नोकरीत, घरात रेडिओवरच्या बातम्या आणि नाट्यसंगीत. पीटर पाचूबंदरचा, घरची मासेमारीची होडी. तिघांना जोडणारी एकच गोष्ट, की शाळेत आपल्याला एकाच बाकावर बसवलं होतं. ते गाणं संपलं आणि पीटर म्हणाला, "परत लाव." मला वाटतं, आपला बँड तिथेच सुरू झाला.

तुझी आई आतून ओरडली होती, "कोन मेलं का काय रं? येवढं कोन बोंबलतं?" माउलीला पुढे त्याच बोंबलण्यावर डोलताना मी पाहिलंय.

त्या चौघांची गोष्ट तू किती वेळा सांगितलीस! मोगऱ्याला पाणी घालताना, मांडवात वायरी जोडताना, रिक्षात ड्रम मांडीवर घेऊन बसलेलो असताना. बोटी बांधणाऱ्या गावातली चार पोरं, कारखाना बंद पडून घरी बसलेल्या बापांची. गुत्त्याच्या मागच्या खोलीत वाजवायची. पहिली रेकॉर्ड कुणी हातात धरली नाही, दुसरीने जग डोक्यावर घेतलं. मग फुटबॉलची मैदानं भरायला लागली. मग ड्रमर गेला, ऐन उमेदीत. गायक आणि गिटारवाला एकाच स्टेजवर उभे राहून एकमेकांशी बोलेनासे झाले. नाव कुणाचं यावरून कोर्टात गेले. शेवटी गायकाचा घसा बसला तो उठलाच नाही. फुटपाथवरच्या रद्दीतली इंग्रजी मासिकं वाचून तू ही सगळी माहिती गोळा केली होतीस, आणि तुला त्यांच्या भरलेल्या मैदानांपेक्षा त्यांचं कोसळणंच जास्त आवडायचं. "पडायचं तर असं पडावं," तू म्हणायचास, "सगळ्या जगाला आवाज गेला पाहिजे." मी म्हणायचो, आधी वर तर चढ.

आपण चढलो तेवढे चढलोच. गावागावांतली ख्रिस्ती लग्नं, नाताळचे डान्स, एखादा बारशाचा मांडव. आधी म्हाताऱ्यांसाठी वॉल्ट्झ, मग कोळीगीतं, आणि पोरंसोरं घामाघूम झाली की शेवटी आपलं गाणं. आणि त्या आधी घरून निघतानाचा तो आपला सोपस्कार. सगळ्यांनी तुझ्या ओट्यावर जमायचं, डेक लावायचा आणि त्या कॅसेटच्या सुरावर गिटार लावायची. पेटी नाही, ट्यूनर नाही. डेक सांगेल तो सूर. मग तू गिटार तान्ह्या बाळासारखी कवेत धरून रिक्षात बसायचास, हिसका बसून तारा उतरू नयेत म्हणून. माझा बेस मांडवात तुझ्या गिटारीवरून लावायचा. वर्षानुवर्षं हेच केलं आपण, आणि एकालाही शंका आली नाही की डेकच चुकीचा असेल.

त्याची मोटर जोरात फिरायची. बस, एवढंच. कॅसेट हवी त्यापेक्षा भराभर सरकायची, म्हणून गाणं जलद यायचं आणि पट्टी चढलेली यायची. तो बिचारा इंग्लिश गायक खाली, आरामात गायला होता. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर तो किंचाळायला लागला होता. आणि तू, गाढवा, त्या किंचाळीच्या मागे जीव टाकून धावलास. पंपाशेजारी उभा राहून गळ्याच्या शिरा फुगवून रियाज केलास. आणि ते स्वर तुला लागायला लागले! माणसाला लागू नयेत असे स्वर.

नवरीचा तो मामा आठवतो? इंग्लंडात राहणारा, लग्नासाठी आलेला, सुटाबुटातला. गाणं संपल्यावर ग्लास घेऊन सरळ आपल्याकडे आला. त्याने त्या चौघांना खरोखर मैदानात ऐकलं होतं. तो तुला म्हणाला, "अरे बाबा, येवढ्या वरती? तेंचा सिंगर असता तर मेला असता!" आणि तुला मिठी मारली. गाणं परत म्हणायला लावलं, मग परत. नवरा-नवरीला गाडीत बसवायचं राहिलं आणि सगळा मांडव नाचत सुटला. तुझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तू हसत होतास. आपलं भरलेलं मैदान तेच. त्या माणसाने खरं तर आपली चूक तोंडावर सांगितली होती. आपण ती बक्षिसासारखी घरी घेऊन आलो.

मग मी बँकेत लागलो आणि सीडी प्लेअर घेतला. त्या चौघांची सीडी आणून मोठ्या थाटात तुम्हाला दोघांना घरी बोलावलं. गाणं सुरू झालं. पीटर स्टुलावरून खाली बसून पोट धरून हसायला लागला. "नंद्या, हा तर झोपलाय रे! याला कोनीतरी उठवा!" मीही हसलो. तू नाही हसलास. शेवटपर्यंत ऐकलंस, म्हणालास, "सीडी खराब आहे," आणि वाडीत पाणी सोडायचंय म्हणून निघून गेलास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणायचो, वाद्यांचा सूर उतरवू या, तुझा घसा सोलवटून निघतोय. दुसऱ्या दिवशी तुला धड बोलता येत नाही. तू म्हणायचास, "आपण त्यांची नक्कल नाही करत, विन्या. आपण जे ऐकलं ते गातो." मी म्हणायचो, अरे पण ऐकलंच चुकीचं! तू म्हणायचास, "मग काय झालं? लोक नाचतात ना?" एकदा मी तुझ्याच मासिकातला लेख तुझ्यापुढे नाचवला. त्या चौघांनीसुद्धा शेवटी गायकासाठी वाद्यं खाली लावली होती, तसं छापलंच होतं त्यात. तू लेख वाचलास, घडी घालून परत दिलास आणि म्हणालास, "म्हणूनच संपले."

आणि बघ, आपण कसे संपलो. आपला ड्रमर मेला नाही, कोर्टकचेरी झाली नाही. डीजे आले. तो एक पोरगा दोन खोके घेऊन यायचा आणि आपल्याहून मोठा आवाज काढायचा. एका हंगामात बोलावणी कमी झाली, पुढच्या हंगामात आली नाहीत. पीटर बोटीवर जायला लागला, माझी बदली झाली, तू वाडीत बुडालास. आपला बँड फुटलासुद्धा नाही, नंदू. फुटायला निदान भांडण लागतं. तुला हवं होतं तसं पडणं नव्हतं हे. कुणालाही आवाज गेला नाही.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, बरं का. तुला बाहेर बसवून, वहिनींच्या नकळत. गाण्याने झालं का हो हे? ते म्हणाले, तसं काही नसतं, गाण्याने असं होत नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं. मला ते अजून पटतं. तरी तुझ्या गळ्याला ते भोक पडलेलं पाहिलं आणि मला त्या इंग्लंडवाल्या मामाला शोधून त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

दवाखान्यातल्या त्या दुपारी तू मला काय सांगत होतास? तू बोट वर केलंस. सिस्टरने पलंग वर केला. तू मान हलवलीस, परत बोट वर. वहिनींनी पंखा वाढवला. तू डोळे मिटून घेतलेस, चिडून. मी पाटी आणि खडू पुढे केला तर तू तो ढकलून दिलास. मला वाटलं, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीत नव्हतास. मी रोज त्या बोटाचा अर्थ लावतो आणि रोज वेगळा लागतो. कधी वाटतं वरच्याचं बोलावणं आलंय म्हणत होतास, कधी वाटतं नुसतं पाणी हवं होतं. तुझ्याइतकं मोठ्याने गाणारा माणूस मला उभ्या आयुष्यात भेटला नाही, आणि तू असा एका बोटावर गेलास. हे मला सहन होत नाही. होणारही नाही.

तर ती कॅसेट. आपण गंमत म्हणून ओट्यावर वाजवलं आणि त्याच डेकवर रेकॉर्ड केलं, ती. डेक पळत असताना भरलेली कॅसेट साध्या मशीनवर लावली की उलटं होतं, सगळं संथ आणि खाली येतं. सईने माणिकपूरच्या दुकानातून ती कॉम्प्युटरवर घेतली आणि शेजारी त्या चौघांचं मूळ गाणं लावलं. दोन्ही एकाच पट्टीत! डेकने जेवढं चढवलं तेवढंच उतरवलं. मशीनच्या मते तू कधी चुकलाच नव्हतास. मात्र ओट्यावर ती पट्टी मूळच्यापेक्षा किती चढली होती, हे त्या कॅसेटमध्ये कुठेही नाही. ते फक्त डेकला माहीत होतं, आणि डेक पुराच्या वर्षी घरात पाणी शिरलं तेव्हा फुगून भंगारात गेला.

म्हणजे राहिलो मी आणि पीटर. सईला घेऊन पाचूबंदरला गेलो. तो धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. आताशा त्याच्याशी खाणाखुणांनीच बोलावं लागतं. दोन्ही कानांसाठी मशीन आहे, तीही तो खिशात ठेवतो. "मना काय पन ऐकू येत नाय," तो सईला म्हणाला, "इंजिनानं खाल्ले माझे कान. डरमनं नाय, तुझा बापूस उगाच डरमला नाव ठेवायचा." मी स्पीकर त्याच्या हातात दिला. त्याने तो छातीशी धरला, तळवा पसरून. मग म्हणाला, "हा मीच हाय. पन नंद्या खंय हाय?"

सईने खुणा करत मोठ्याने विचारलं, "पीटर अंकल, गाणं किती फास्ट होतं? हाताने वाजवून दाखवाल?" त्याने उलट्या टोपलीवर बोटं वाजवली आणि एक क्षण मला वाटलं, सापडलं! तीच चाल, तोच जोर. सईने फोनवर मोजलं. मग तिने परत वाजवायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तो जरा सावकाश वाजवत होता. तिसऱ्या वेळी आणखी सावकाश. त्याच्या बोटांना जाळ्याची दोरी लागून भेगा पडल्यात. त्याला कळलं. त्याने टोपली बाजूला सारली आणि सईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा बापूस लय वर गायचा, पोरी. लय वर." किती वर, ते त्यालाही सांगता येईना.

काल सई लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली, बरोबर वहिनी. तुझी बायको माझ्या घरी येऊन खुर्चीच्या टोकावर बसते, पाहुण्यासारखी, हे बघवत नाही. मी डोळे मिटून बसलो. सई स्क्रीनवरची खूण सरकवत होती. "थोडं वर," मी म्हणत होतो. "अजून. नको, खाली घे." प्रत्येक जागी तू जवळपास होतास. एके ठिकाणी तुझा राग होता पण गोडवा नव्हता. जरा पुढे गेलं की तू शाळकरी पोर वाटायचास, जरा मागे आलं की तुझा बाप. इतकी वर्षं तुझ्या उजव्या हाताला उभा राहिलो मी. मला वाटलं होतं हा आवाज माझ्या हाडांत असेल. आत काही नव्हतं, नंदू. मी कान लावून बसलो होतो आणि आत काहीही नव्हतं.

दुपार उतरली. सईने एकदाही कंटाळा दाखवला नाही, आणि तिचा तो धीरच मला असह्य झाला. एका ठिकाणी मी हात वर केला आणि म्हणालो, "थांब. हाच."

"नक्की, काका?"

"नक्की म्हणजे काय! तुझ्या बापाबरोबर जन्म घालवला मी."

तिने गाणं पहिल्यापासून लावलं. ती तोंडावर हात धरून ऐकत राहिली, मग रडायला लागली, आणि रडता रडता हसली. "केवढ्या वर गातायत बाबा!" वहिनी माझ्याकडे बघत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "हेच ना हो, भावजी?" तुझ्या बायकोला ते मला विचारावं लागलं. मी म्हटलं, "हो, वहिनी. हाच."

सईने तो आवाज फोनमध्ये घेतला, वहिनींच्या फोनवर टाकला, गावातल्या सगळ्यांना पाठवला. रात्री झोपताना ऐकीन म्हणाली. उद्या तिला मूल होईल, त्याला ऐकवेल, हा तुझा आजोबा म्हणून.

आज सकाळी मी चहा घेऊन खिडकीत बसलो आणि मुद्दाम तो मामा आला होता ते लग्न आठवलं. मांडव दिसला, तुझा भिजलेला शर्ट दिसला, पीटर दिसला. तू तोंड उघडलंस, आणि त्यातून कालचा आवाज आला, मी लॅपटॉपवर थांबवलेला. मी दुसरा शोधला. ओटा आठवला, रिक्षा आठवली, आपलं भांडण आठवलं. सगळीकडे तू त्याच आवाजात बोलत होतास. सईला तुझा आवाज द्यायला गेलो, नंदू, आणि माझ्याजवळ होता तोही घालवून बसलो.